वाचणाऱ्या बाईचा आवाज

“जागेवर आहे, पण ओळखत नाही, असं म्हणतोस?” भंतेंनी विचारलं.

“हो, भंते.”

“कोण ओळखत नाही?”

“कर्नेल.”

“कालपर्यंत ओळखत होतं?”

“काल सकाळपर्यंत.”

“मग मध्येच काय बिनसलं?”

प्रशिक स्क्रूड्रायव्हर फिरवत राहिला. लॅपटॉप त्याच्यापुढे चटईवर उलटा पडला होता. मागचं झाकण काढलेलं होतं आणि बारीक स्क्रू भिक्षापात्राच्या झाकणीत गोळा करून ठेवलेले होते.

भंतेंना यातलं काही दिसत नव्हतं. स्क्रूड्रायव्हर थांबला की त्यांना ऐकू यायचं, पुन्हा फिरू लागला की तेही ऐकू यायचं. ते भिंतीला टेकून बसले होते.

“सांगशील तेव्हा सांग,” ते म्हणाले.

भंते सुवच यांचा विहार पवनीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठच्या एका टेकडीवर होता. विहार म्हणजे पत्र्याच्या छपराचं एक सभागृह, मागे दोन खोल्या, अंगणात पिंपळ आणि उताराला हापसा. खाली धानाची खाचरं. दुपारी निंदणाचं काम आटोपलं की बाया टेकडी चढून यायच्या आणि भंते त्यांना वाचून दाखवायचे. त्यातल्या बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती. ज्यांना होती त्यांना वेळ नव्हता.

मग भंतेंच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं. एका पावसाळ्यात त्यांनी पुस्तक उघडलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि मिटलं.

बाया तरीही येत राहिल्या. भंतेंना पाठ होतं तेवढं ते सांगायचे. पण पाठ असलेलं पुनःपुन्हा सांगून माणूस त्यात नवं काही ऐकेनासा होतो, असं त्यांना वाटू लागलं होतं.

भंडाऱ्याचे एक उपासक होते, शाळेत विज्ञान शिकवणारे. त्यांनी आपला जुना लॅपटॉप आणून दिला. त्यात फुकट मिळणारी प्रणाली घातली आणि पडद्यावरचं मराठी वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम बसवला. एका बटनावर त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा लावला. ते बटन दाबलं की वाचन सुरू व्हायचं, पुन्हा दाबलं की थांबायचं. भंतेंच्या बोटाला तेवढं पुरेसं होतं.

आवाज बाईचा होता. थोडा नाकातला. जोडाक्षराला अडखळायचा, आणि प्रश्नचिन्ह आलं तरी सूर वर जायचा नाही. बाया त्याला वाचणारी बाई म्हणू लागल्या. ‘आज बाईनं लवकर आटपलं,’ असं बोलायच्या, जणू ती कुठल्या गावाहून चालत येते.

ते गुरुजी पुढे वारले. बाई वाचत राहिली.

प्रशिक वालदे या पावसाळ्यात आला. तो नागपूरच्या एका कंपनीत मोठमोठे सर्व्हर सांभाळायचा, आणि ते काम त्याला फार चांगलं येत असे. कुठे काही अडलं की रात्री-अपरात्री त्याला फोन येत. त्यानं सहज म्हणून सांगितलेली गोष्ट बाकीचे लिहून घेत. त्याचा त्याला अभिमान होता, आणि अभिमान आहे हे त्याला माहीतही होतं. तोच सोडायला आलो, असं त्यानं भंतेंना आल्या दिवशी सांगितलं. पंचांग प्रणाम करून त्यानं श्रामणेर दीक्षा, म्हणजे भिक्षू होण्याची पहिली दीक्षा, मागितली.

भंतेंनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

“राहा,” एवढंच म्हणाले.

तो राहिला. त्यानं अंगण झाडलं, पाणी भरलं, भंतेंचं चीवर धुतलं. झाडलेलं अंगण आणि भरलेले माठ यांच्याबद्दल भंते कधी चांगलं किंवा वाईट बोलले नाहीत. प्रशिक वाट पाहत होता. कशाची, ते त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं. पण ज्या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, ते काम इथे कोणी विचारतच नव्हतं.

म्हणून एका सकाळी, भंते गावात भोजनदानाला गेले असताना, त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला.

प्रणाली बघून त्याला हसू आलं. किती जुनी. भंते परत येईपर्यंत ती नवी करून ठेवावी, आणि त्यांच्या बोटाला फरक जाणवला की मग सांगावं, असं त्यानं ठरवलं.

संगणकाच्या प्रणालीचा एक गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. आवाज, वायफाय, बोटानं सरकवायचं टचपॅड, अशा सगळ्या सुट्या भागांशी तो बोलतो. कोणता भाग कुठला आहे आणि त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं, हे त्याला माहीत असावं लागतं. प्रशिकनं नवं कर्नेल घातलं. जागा अपुरी होती म्हणून जुनं काढून टाकलं. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला.

पडदा उजळला. अक्षरं आली.

त्यानं चिकटपट्टीचं बटन दाबलं.

...

काही झालं नाही.

टचपॅडवर बोट फिरवलं, बाण हलला नाही. वायफाय शोधलं, तर वायफाय नावाची गोष्टच या यंत्रात नाही असं पडदा सांगू लागला. मोबाइल वायरनं जोडून नेट घ्यायचा प्रयत्न केला. मोबाइलचं नेटही त्याला दिसेना.

भंते परतले तेव्हा प्रशिकनं त्यांना, थोडं काम काढलंय, दुपारपर्यंत होईल, असं सांगितलं.

दुपारी बाया आल्या. प्रशिक दारातच उभा राहिला आणि आज वाचन नाही म्हणाला. यंत्र बिघडलंय, असं त्यानं सांगितलं. बायांनी आत वाकून पाहिलं, भंतेंना वंदन केलं, थोडा वेळ बसल्या आणि उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंते रोजच्या वेळी आपल्या जागी येऊन बसले. बाया यायच्या आधी, रोज सकाळी, ते स्वतःसाठी एक पान ऐकत. प्रशिकनं त्यांना अजून आवाज आला नसल्याचं सांगितलेलं नव्हतं. त्याला वाटलं, त्यांना कळलंच असेल.

भंतेंचं बोट पट्टीचं बटन शोधत गेलं. त्यांनी ते दाबलं.

ते थांबले. एक पान वाचायला बाईला जेवढा वेळ लागायचा, साधारण तेवढा वेळ ते तसेच बसून होते. मग त्यांनी हात जोडले, लॅपटॉपपुढे डोकं लववलं आणि झाकण हलकेच मिटलं.

प्रशिक खांबाआड उभा होता. भंतेंना तो दिसणार नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो खांबाआडच राहिला.

त्यानंतर त्यानं स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. वायफायचं कार्ड काढून पुसून पुन्हा बसवलं. बॅटरी सोडवून लावली. यंत्र चालू होतानाची सगळी सेटिंग्ज उलटसुलट करून पाहिली. मध्येच मित्राला फोन लावायला टेकडीच्या कडेला गेला, कारण नेटवर्क तिथेच यायचं, आणि त्या मित्रापाशी तो नव्या कर्नेलवाल्यांना खूप बोलला. कोण लिहितं हे सगळं, तपासून तरी बघतात का, फुकट आहे म्हणून लोकांच्या गळ्यात काहीही मारायचं का... वारा त्याच्याकडून विहाराकडे वाहत होता.

परत येऊन तो पुन्हा उलट्या लॅपटॉपपाशी बसला, आणि तेव्हाच भंते येऊन भिंतीला टेकले होते.

आता त्यांनी पुन्हा विचारलं, “काय झालं ते पहिल्यापासून सांगशील? मला दिसत नाही. तू सांगशील तेवढंच मला कळणार.”

प्रशिकनं सांगितलं. कंपनीत वरिष्ठांना सांगायची सवय होती, तसंच सांगितलं. यंत्र जुनं आहे. त्यातली आवाजाची चिप फार जुन्या घडणीची आहे. यादीत तिचं नाव दिसतं, म्हणजे ती मेलेली नाही, पण नवं कर्नेल तिला विचारत नाही. बहुधा नव्या कर्नेलमध्येच दोष असावा. किंवा चिपमध्ये. दोन्हींतलं एक.

भंतेंनी सगळं ऐकून घेतलं.

“हे यंत्रानं काय केलं ते झालं,” ते म्हणाले. “तू काय केलंस?”

“मी... अपडेट केलं, भंते.”

“म्हणजे?”

“नवं कर्नेल आणलं.”

“कसं आणलंस?”

प्रशिकला थोडा राग आला. हे त्यांना सांगून काय होणार होतं? पण विचारणारे भंते होते, त्यामुळे तो सांगू लागला. इथे नेट हळू आहे, मोबाइलवरून आणलं. दोन गठ्ठ्यांत असतं ते. पहिला गठ्ठा गाभ्याचा, तो आणला. दुसरा मोठा होता, उतरायला फार वेळ लागला असता, म्हणून तो सोडला.

“का सोडलास?”

“त्याची गरज नसते, भंते. त्याच्या नावातच जादा असं आहे. म्हणजे ज्याला हौस असेल त्यानं...”

तो थांबला.

पिंपळावर एक खार चिरकत होती. ती गप्प झाली तरी प्रशिक तसाच बसून होता.

“भंते, मी कडेला जाऊन येतो,” तो म्हणाला.

नेटवर्क येत होतं तिथे उभं राहून त्यानं मोबाइलवर त्या दुसऱ्या गठ्ठ्यात काय काय असतं ते उघडून पाहिलं. नोकरीत लागल्यापासून त्यानं ते कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या सर्व्हरांना आवाज नसतो, टचपॅड नसतं, वायफायही नसतं. त्यामुळे तो गठ्ठा त्याला कधी लागलाच नव्हता. आणि जे आपल्याला लागत नाही ते कोणालाच लागत नसणार, असं त्यानं धरून टाकलं होतं.

आवाज त्याच गठ्ठ्यात होता. टचपॅडही. वायफायही. मोबाइलचं नेट घेण्याची सोयसुद्धा.

जुनं कर्नेल असतं तर मागे जाता आलं असतं. तेही त्यानंच पुसलं होतं.

तो परत येऊन भंतेंसमोर बसला.

“यंत्रात दोष नव्हता, भंते. कर्नेलमध्येही नव्हता. मीच अर्धं आणलं होतं.”

भंते थोडं पुढे वाकले.

“जेवलास का?” त्यांनी विचारलं.

तो जेवला नव्हता. सकाळी गावातून आलेला भात आणि वालाची भाजी झाकून ठेवलेली होती. भंते दुपारनंतर जेवत नसत, पण प्रशिकचं ताट त्यांनी हातानं चाचपून पुढे सरकवलं आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिले. ताटावरून उठताना प्रशिकनं, मोबाइलवर तो गठ्ठा उतरवायला लावून पाहिला, पण इथे अर्ध्यावर तुटतोय, पवनीला जावं लागेल, असं सांगितलं. आणि उद्या पौर्णिमा आहे, बाया जास्त येतील, हेही तोच बोलला.

“सायकल आहे,” भंते म्हणाले. “पुढचा ब्रेक नीट लागत नाही. उतारावर उतरून चाल.”

पवनीत बसस्टॉपच्या मागे झेरॉक्सचं एक दुकान होतं. ऑनलाइन अर्ज भरायला आलेल्या पोरापोरींनी ते भरून गेलं होतं. दुकान मंदा शहारे नावाची बाई चालवत होती. प्रशिक मागे उभा राहिला. बऱ्याच वेळानं तिनं मान वर करून, तुमचं काय, असं विचारलं.

पेनड्राइव्हवर एक फाइल उतरवून घ्यायची आहे, मोठी आहे, थोडा वेळ संगणक अडेल, असं त्यानं सांगितलं.

गर्दी पाहता का, ती म्हणाली. उद्या या.

“टेकडीवरच्या भंतेंच्या लॅपटॉपचा आवाज गेलाय,” प्रशिक म्हणाला. “त्याच्यासाठी हवी होती.”

मंदाबाई उठून उभी राहिली. आपल्या खुर्चीवर अर्ज भरत बसलेल्या मुलीला तिनं, पाच मिनिटं बाजूला हो गं माय, म्हणून उठवलं आणि ती खुर्ची प्रशिकला दिली.

फाइल उतरत होती. ती त्याच्या शेजारी उभी राहून झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद घालता घालता बोलत होती. तिची आई भागरथाबाई टेकडीखालच्या वस्तीत राहायची. दुपारी वाचन ऐकायला जाणाऱ्यांतली एक. म्हातारपणी नवरा गेला, तेव्हा ती घरातल्या कोणाशी बोलेनाशी झाली होती. लेकीनं पवनीला आणून पाहिलं, दवाखाना केला. काही होईना. मग शेजारणीसोबत ती टेकडीवर जाऊ लागली. तिथेही कोणाशी बोलत नसे. नुसती बसायची. एक दिवस घरी आली आणि चुलीपुढे बसून त्या दिवशी ऐकलेलं सगळं सांगू लागली, जसंच्या तसं, त्या बाईच्याच नाकातल्या सुरात. जोडाक्षरावर बाई जशी अडखळते तशीच अडखळतसुद्धा होती.

“आम्ही हसलो, जी,” मंदाबाई म्हणाली. “हसता हसता मी रडली. तवापासून माय बोलते.”

प्रशिकनं पडद्यावरची नजर काढली नाही.

काल आई टेकडीवरून तशीच परत आली, असं ती पुढे सांगत होती. संध्याकाळी फोनवर विचारत होती, वाचणारी बाई आजारी पडली का म्हणून. बरी होईल ना, असं विचारत होती. मी म्हटलं, मले का मालूम माय.

फाइल उतरून झाली.

प्रशिकला तिला सांगावंसं वाटलं, की बाई आजारी पडली नव्हती, तिला मी घालवलं होतं. त्यानं ते सांगितलं. अडखळत, पण सांगितलं. गठ्ठ्याचं, नावातल्या शब्दाचं, सगळं.

मंदाबाईनं ऐकलं. तिला त्यातलं किती समजलं कोण जाणे. तिनं टेबलाच्या खणातून एक प्लॅस्टिकची पन्नी काढली, त्यात पेनड्राइव्ह ठेवून तिला दोन पीळ दिले आणि त्याच्या हातावर ठेवली.

“आभाळ आलं हाय,” ती म्हणाली. “वरच्या खिशात ठेवा. लवकर जा.”

पाऊस त्याला वाटेत लागला. उतारावर तो सायकलवरून उतरून चालला. चढावरही चालला, कारण चढ त्याच्यानं होईना. विहारात पोचला तेव्हा अंगावर कोरडं असं काही नव्हतं. वरच्या खिशातली पन्नी तेवढी कोरडी होती.

भंते अंगणातल्या ओट्यावर, पत्र्याखाली उभे होते. त्यांनी आतून एक कोरडं चीवराचं फडकं आणून त्याच्या खांद्यावर टाकलं.

त्यानं डोकं पुसलं, हात पुसले, लॅपटॉपचे स्क्रू परत लावले. पेनड्राइव्ह जोडला. सोडून दिलेला गठ्ठा घातला. पडद्यावर ओळी सरकू लागल्या तसं त्याच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं या ओळी सरकताना तो दुसरं काही करत असे. आज तो एकेक ओळ पाहत होता. इतक्या प्रकारच्या चिपा, इतक्या कंपन्यांची यंत्रं, कित्येक तर आता बनतही नसतील. प्रत्येकीसाठी कोणीतरी काहीतरी लिहून ठेवलेलं होतं.

लॅपटॉप बंद झाला. पुन्हा चालू झाला.

बाण हलला. वायफायचं चिन्ह आलं. प्रशिकचा हात पट्टीच्या बटनापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

“भंते,” त्यानं हाक मारली. “तुम्ही दाबता का?”

भंते येऊन आपल्या जागी बसले. त्यांच्या बोटानं बटन शोधलं.

...

बाई वाचू लागली. कोणत्या तरी पानाच्या मधूनच, जिथे थांबली होती तिथून. तिला मध्ये काही घडल्याची खबर नव्हती.

भंतेंनी हात जोडले आणि लॅपटॉपपुढे डोकं लववलं. आवाज नव्हता तेव्हा जसं लववलं होतं, तसंच.

प्रशिक भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला भंतेंपासून चेहरा लपवायची गरज नव्हती, पण खांदे आवरेनात.

पौर्णिमेला बाया आल्या. खालच्या वस्तीतून आल्या, नदीपलीकडूनही काही आल्या. भागरथाबाई सगळ्यांच्या पुढे होती. बाई वाचू लागल्यावर ती लॅपटॉपच्या अगदी जवळ सरकली आणि हाताच्या अंतरावर बसली. वाचन संपल्यावर तिनं प्रशिकला बोलावून विचारलं, की हिला काय झालं होतं.

त्यानं तिलाही खरं ते सांगितलं.

“मंग आता बरी हाय ना?” तिनं विचारलं.

“बरी आहे.”

“तुमचं भलं होवो, बाप्पा,” ती म्हणाली, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवून उतरून गेली.

संध्याकाळ झाली. नदीवरून गार वारा येत होता. प्रशिकनं चटया गोळा केल्या, दिवा लावला. भंते लॅपटॉपपाशीच बसून होते.

“आता ओळखतं ना ते?” त्यांनी विचारलं.

“ओळखतं, भंते.”

“कशानं ओळखतं?”

प्रशिकनं सांगितलं. प्रत्येक भागासाठी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिलेला असतो. या आवाजाच्या चिपसाठीही आहे. तो कर्नेलला सांगतो, ही कोण आहे आणि तिच्याशी कसं बोलायचं ते.

“तो कोण लिहितं?”

“लोक लिहितात. जगात कुठे कुठे असतात. पुष्कळसे आपलं काम सांभाळून, आवड म्हणून लिहितात.”

“या आवाजाचा कोणी लिहिला?”

प्रशिकला ते ठाऊक नव्हतं. त्यानं आजवर कधी विचारलं नव्हतं. पण पाहता येतं, हे माहीत होतं. त्यानं एक आज्ञा टाइप केली. पडद्यावर थोड्या ओळी उमटल्या. त्यात नावं होती.

“वाच,” भंते म्हणाले.

त्यानं वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव जपानी असावं. ते त्यानं चुकीचं वाचलं, थांबला, पुन्हा वाचलं. भंतेंनी हात जोडले आणि मान लववली. दुसरं नाव कुठल्या देशातलं ते त्याला कळेना, त्यात इतकी व्यंजनं एकापुढे एक होती. तो अडखळत अडखळत शेवटपर्यंत गेला. भंतेंनी पुन्हा हात जोडले.

प्रत्येक नावाला त्यांनी हात जोडले. घाई केली नाही.

काल कडेला उभं राहून आपण मित्रापाशी काय काय बोललो, ते प्रशिकला शब्दन्‌ शब्द आठवत होतं. शेवटचं नाव त्यानं वाचलं तेव्हा त्याचेही हात आपोआप जोडले गेले.

“भंते,” तो थोड्या वेळानं म्हणाला, “मी या लोकांना फार वाईट बोललो होतो.”

“वारा इकडेच येत होता,” भंते म्हणाले.

प्रशिकनं मान खाली घातली.

“यांना माहीत आहे का,” भंतेंनी विचारलं, “इथे कोणी ऐकतं म्हणून?”

“नाही, भंते. त्यांना कसं माहीत असणार?”

“त्यांना कोणी लिहीत नाही?”

“लिहितात. काही चालेनासं झालं की खूप लोक लिहितात. रागावूनही लिहितात.”

“आणि चालत असलं की?”

प्रशिकनं पडद्यावरच्या नावांकडे पाहिलं.

...

“चालत असलं की कोणी लिहीत नाही,” तो म्हणाला. “मीही कधी लिहिलं नाही.”

बाहेर अंधारून आलं होतं. नदी दिसत नव्हती, पण पुराच्या पाण्याचा आवाज वर येत होता. भंते तो ऐकत असावेत. प्रशिक उठला. त्यानं कालचं चीवराचं फडकं घडी करून बाजूला ठेवलं, भंतेंच्या समोर आला आणि गुडघे, हात, कपाळ जमिनीला टेकवून पंचांग प्रणाम केला. आल्या दिवशी केला होता त्यापेक्षा या वेळी त्याला उठायला जास्त वेळ लागला.

“भंते,” तो म्हणाला, “मी पुन्हा विनंती करतो. मला श्रामणेर दीक्षा द्यावी.”

भंतेंनी हात पुढे केला. त्यांच्या बोटांना त्याचं डोकं सापडलं. हात तिथे थोडा वेळ राहिला.

“आधी त्यांना कळव,” ते म्हणाले, “इथे ऐकू येतंय म्हणून.”